पंगत, पगार आणि सोयरीक

या सभागृहात ख्रिस्ती आहेत, तसे बौद्ध, हिंदू आणि मुसलमानही आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आज जो प्रश्न मांडायचा आहे, त्याचे उत्तर ख्रिस्ती माणसाने आपल्याआपण देऊन भागत नाही. तो रोज कसा वागतो हे त्याच्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला, त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला, त्याच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला जास्त ठाऊक असते.

विश्वास कुठे पाहायचा? साधारणपणे आपण तो नोंदवहीत पाहतो. बाप्तिस्म्याची तारीख, प्रभुभोजनाला हजेरी, नाताळची रोषणाई, उपवास-प्रार्थनेला जमलेली गर्दी. या गोष्टींना मी कमी लेखत नाही; त्यांच्यावाचून मंडळी टिकत नाही. पण माझे म्हणणे असे आहे की महाराष्ट्रात ख्रिस्ती विश्वासाची परीक्षा या ठिकाणी झालीच नाही. ती झाली पंगतीत, ती झाली पैशाच्या हिशेबात, आणि ती झाली सोयरीक ठरवताना. याच तीन ठिकाणी का? कारण आपला समाज याच तीन ठिकाणी बांधलेला आहे. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाला किती द्यायचे, मुलगी कोणाच्या घरी द्यायची, हे ठरले की जात आपोआप चालते. तिला दुसरे काही लागत नाही. तेव्हा ज्याने देव बदलला पण या तीन गोष्टी जिथल्या तिथे ठेवल्या, त्याने प्रार्थनेचे शब्द बदलले, एवढेच म्हणता येईल.

हे मी बाहेरून आणलेले माप नाही. शुभवर्तमानातच ते आहे. येशूवर पहिल्यापासून जो आरोप होत आला तो कोणता? तो जकातदारांबरोबर आणि पापी म्हणवल्या गेलेल्यांबरोबर जेवतो, हा. आरोप पंगतीचा आहे. जक्कयाची गोष्ट घ्या. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज मी तुझ्या घरी उतरणार असे सांगतो. मग जक्कय उभा राहून काय करतो? स्तोत्र म्हणतो का? तो हिशेब मांडतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. या क्रमाकडे लक्ष द्या: आधी पंगत, मग पैसा. येशू त्याच्या घरी येतो तो त्याने पैसे परत करण्याआधी. क्रमाचा हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या मातीतला पुरावा पाहू. मराठी ख्रिस्ती जीवनाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज कोणता, असे कोणी विचारले तर मी कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथाचे नाव घेणार नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव घेईन. १८६८ सालचा त्यांचा जन्म, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांच्या घरी आली. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ती माहेरच्या माणसांत राहिली. काही वर्षे नवरा-बायकोची ताटातूट. मग त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण कशा आल्या? स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, देवधर्म वेगळा. एका घरात दोन चुली. टिळकांनी सक्ती केली नाही, ही टिळकांची मोठी गोष्ट. आणि पटल्याशिवाय बाई एक पाऊल पुढे टाकत नाही, ही लक्ष्मीबाईंची त्याहून मोठी गोष्ट.

पुढे काय झाले ते मुद्दाम सावकाश सांगतो. लक्ष्मीबाईंच्या मनात आधी त्रैक्याचा सिद्धान्त उलगडला आणि मग त्यांनी सोवळे सोडले, असे घडले नाही. आधी त्यांच्या मनात प्रश्न आला तो जातीचा: देवाने माणसे निर्माण केली, पण या जाती त्याने केल्या का? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली, राहुरीला. म्हणजे पंगत आधी बदलली आणि नोंदवहीत नाव नंतर चढले. ज्या काळात पुष्कळांचे नाव आधी चढत होते आणि पंगत तशीच राहत होती, त्या काळात ही बाई उलट्या क्रमाने चालली. त्याच सुमारास पडलेल्या छप्पनच्या दुष्काळात टिळकांनी पोरकी मुले घरात आणली तेव्हा त्यांचे करण्याची पाळी कोणावर आली? लक्ष्मीबाईंवरच. जिच्या माहेरी वस्तूला विटाळ होत होता, तिच्या हाताने कुठल्या कुठल्या जातींच्या लेकरांचे जेवणखाण झाले. विश्वास रोजच्या जगण्यात उतरवणे म्हणजे काय, याचे मला मराठीत याहून स्वच्छ उदाहरण माहीत नाही.

आपल्या मराठवाड्यातही याचा धागा आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर. शेषाद्री ब्राह्मण. १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मुंबईत केवढी खळबळ उडाली! त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, मिशनऱ्यांच्या घरी जेवल्याबद्दल जातीने बाहेर टाकले, आणि त्याला शुद्ध करून परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी स्वतःवर रोष ओढवून घेतला. त्या वादात श्रीपतीने कोणता देव मानला हा प्रश्न बाजूलाच राहिला. तो कोणाबरोबर जेवला, हा प्रश्न होता. आणि त्याच घरातला थोरला भाऊ पुढे जालन्याला येऊन ज्यांच्यात राहिला, ज्यांचा पाळक झाला, ते बहुतेक महार-मांग समाजातले लोक होते. या माणसाला आपल्या जिल्ह्यात किती जण ओळखतात? बेथेलचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी हात वर करावेत असे म्हटले तर फार हात वर होतील असे मला वाटत नाही. याचे मला दुःख होते.

इथे एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि या शहरात तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. नागसेनवन हा शिक्षणसंस्थांचा परिसर इथून जवळ आहे. ज्यांनी तो उभा केला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे भाषण केले होते. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा होऊन तेव्हा दोन-सव्वादोन वर्षे झाली होती आणि कोणता धर्म घ्यायचा याचा त्यांचा विचार चालू होता. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयीचा आदर त्यांनी त्या भाषणात बोलून दाखवला. पण त्याबरोबर ख्रिस्ती समाजाला त्यांनी जे ऐकवले ते झोंबणारे होते. तुमच्यात शिकलेली माणसे आहेत, नोकऱ्या आहेत. पण तुमच्याच अडाणी, गरीब बांधवांवर अन्याय होतो तेव्हा हे शिकलेले कुठे असतात? पुढे धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी हेही दाखवले की जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही. मंडळीत येतानाही माणूस ती बरोबर घेऊन येतो.

याला काय उत्तर द्यायचे? काही ख्रिस्ती वक्ते म्हणतात की बाबासाहेबांना दक्षिणेतल्या मंडळ्या दिसत होत्या, आपल्याकडे तसे नव्हते. मला हे उत्तर पटत नाही. आपल्याकडे चर्चमध्ये जातवार बाके नव्हती, हे बहुतांशी खरे. पण आपल्या ख्रिस्ती घरांत कामाला येणाऱ्या बाईचा कप ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असतो की नाही? तो स्टीलचा असतो आणि घरच्यांचे चिनी मातीचे असतात. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे हात सोमवारी तो कप वेगळा विसळतात. बाबासाहेबांचा आक्षेप खोटा ठरवायचा असेल तर इतिहासाची पाने उलटून चालणार नाही, तो कप उचलून इतरांत ठेवावा लागेल. त्यांचा आक्षेप मी मान्य करतो. फक्त एवढेच म्हणतो की तो आक्षेप ख्रिस्ताच्या मापानेच केलेला आहे. ज्या पंगतीबद्दल येशूवर आरोप झाला, ती पंगत तुम्ही का मांडत नाही, हाच त्याचा अर्थ होतो.

आणि कोणी मांडलीच नाही असेही नाही. जामखेड इथून फार लांब नाही. बीडच्या सीमेला लागून आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. शहरात रुग्णालय थाटणे त्यांना अवघड नव्हते. त्याआधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांना दिसले होते की खाटेवर येणारे बहुतेक रोगी असे आजार घेऊन येतात, जे गावातच टाळता आले असते. म्हणून ते गावात गेले. गाव आरोग्य मागत नव्हते, गाव पाणी मागत होते. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ आला. कूपनलिका कुठे घ्यायची? त्यांनी जागा धरल्या दलित वस्तीतल्या. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले. मला विचाराल तर गेल्या अर्ध्या शतकातले मराठीतले सर्वांत प्रभावी ख्रिस्ती प्रवचन म्हणजे ती बोअर. त्यात एक शब्द नाही. शोमरोनी बाईकडे याकोबाच्या विहिरीवर पाणी मागणाऱ्या येशूची गोष्ट ज्याने वाचली आहे, त्याला ती बोअर तिथे का घेतली हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढचे काम तर आणखी साध्या माणसांनी केले. गावाने निवडलेल्या बायका, पुष्कळशा निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. वेगवेगळ्या जातींच्या या बायका प्रशिक्षणाला एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या, आणि गावी जाऊन बाळंतपणे करू लागल्या, पोरांची वजने घेऊ लागल्या, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवू लागल्या. जी बाई कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहत होती, तिला आता बाळंतिणीच्या खोलीत बोलावणे येऊ लागले. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वस्तीत न ठेवता इतर रोग्यांबरोबरच तपासले जाऊ लागले. १९७१ मध्ये त्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा पंचवीसच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझा मुद्दा पुरस्काराचा नाही. ‘ही सगळी थोर माणसे होती, आम्हा संसारी लोकांना हे कसे जमणार?’ असे जे म्हणतात, त्यांना उत्तर त्या बायकांनी दिले आहे. त्यांना संसार नव्हता का? त्यांच्याकडे आपल्याइतका पगार, आपल्याइतके शिक्षण, आपल्याइतका मान होता का?

आता दुसरा आक्षेप, आणि तो मंडळीच्या आतून येतो. काही भाविक म्हणतील: तुम्ही तर कर्माचा उपदेश करता. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. बोअर आणि कप यांनी कोणी स्वर्गात जात नाही. हा आक्षेप हलका नाही. ल्यूथरच्या काळापासून अर्धे ख्रिस्ती जग या एका वाक्यावर उभे आहे. पण म्हणूनच मी जक्कयाचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला होता. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. कृपा आधी आली, फुकट आली. हिशेब नंतर झाला. पण झाला, हे विसरता येत नाही. समजा, येशू जेवून गेला आणि जक्कय दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर बसून तीच जकात उकळू लागला, तर त्याच्या घरी कृपा आली होती असे यरीहोतले कोण मानेल? याकोबाचे पत्र ज्यांना अडचणीचे वाटते त्यांनी ते पुन्हा वाचावे. उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ असे सांगून वाटेला लावणारा विश्वास तिथे मेलेला ठरवला आहे. कृपा विकत घेण्यासाठी कोणी कर्म करू नये, हे शंभर टक्के मान्य. पण कृपा मिळाल्याचा दावा करणाऱ्याच्या हिशेबाची वही उघडून पाहण्याचा हक्क गरिबाला आहे.

वहीचा विषय निघालाच आहे, तर पैशाकडे वळतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगार सोडणे हे प्रत्येकाचे काम नाही, आणि तसे सांगणारा वक्ता बेजबाबदार ठरेल. टिळक पगार सोडू शकले त्यात लक्ष्मीबाईंच्या काटकसरीचा वाटा किती होता, हे आपण विसरतो. पण टिळकांनी त्या कृतीतून एक प्रश्न मागे ठेवला: ज्याच्या हातून माझा पगार येतो त्याच्या मर्जीने माझा विश्वास वाकतो का? मिशनचा पगार गेला, आता संस्थांचा पगार आहे, कंपनीचा आहे, सरकारचा आहे. चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या ख्रिस्ती माणसासमोर कंत्राटी कामगाराच्या ओव्हरटाइमचे तास कमी लिहायचा कागद येतो. घाटी रुग्णालयात काम करणाऱ्या ख्रिस्ती नर्सपुढे एकाच वेळी दोन रोगी असतात; एकाचा नातेवाईक ओळखीचा आणि दुसऱ्याचे कोणीच नाही. त्या वेळी त्यांनी काय केले, हीच त्यांची उपासना. रविवारी ती केवळ गाऊन दाखवायची असते.

आणि संस्थांचे काय? आपल्या शाळांत प्रवेश मिळावा म्हणून शहरातली प्रतिष्ठित घरे धडपडतात, याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या रांगेत वैजापूर-गंगापूरकडून कामासाठी आलेल्या ख्रिस्ती मजुराचे मूल कुठे उभे आहे? आपल्या ट्रस्टांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात का पडून असतात? दोन गट, दोन कमिट्या, एक जमीन. पूर्वजांनी दुष्काळात पोरक्या मुलांसाठी राखलेल्या जमिनीवर आज तारखा पडतात. हे बोलायला कटू आहे, पण इथे नाही बोललो तर कुठे बोलायचे?

पैशाला चिकटून तिसरा आक्षेप येतो, तो बाहेरचा: ख्रिस्ती सेवा हे आमिष आहे. औषध दाखवायचे आणि धर्म विकायचा. याला रागाने उत्तर देणे सोपे आहे, पण खरे उत्तर इतिहासाला सामोरे जाऊनच द्यावे लागेल. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले तेव्हा तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, अशी हमी होती. सदन पुण्याला गेले, आणि विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचा बोभाटा झाला. सुधारक रानडे आणि भांडारकर १८९३ मध्ये सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते आणि दार बंद करत नाही; ज्यांना यायचे त्या येतात. माझे मत विचाराल तर रानडे-भांडारकरांची तक्रार अवास्तव नव्हती. आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रयदात्रीचा प्रभाव किती पडतो, हे दार उघडे की बंद यावर ठरत नाही. पण रमाबाईंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्यांनी मुली परत नेल्या, त्यांनी त्या मुलींना काय दिले? रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या हजारो मुलींना अन्न दिले, आणि अन्नापाशी न थांबता छापखाना दिला, शेती दिली, विणकाम दिले, अंध मुलींना ब्रेल दिली. हिब्रू आणि ग्रीकमधून त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच बायकांनी जुळवला आणि छापला.

तेव्हा आजचा नियम काय असावा? माझ्या मते जामखेडने तो घालून दिला आहे. सेवेला अट नको. आरोळ्यांच्या बहुसंख्य कार्यकर्त्या हिंदू, बौद्ध, मुसलमान राहिल्या आणि तरीही ते काम ख्रिस्ती होते. ज्या मदतीच्या बदल्यात काही मागितले जाते ती येशूच्या नावाची मदत नव्हे. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, आणि उरलेल्या नऊ जणांचा रोग काही परत आला नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाण्यासाठी, झाडांसाठी, बिल्डरांच्या दहशतीविरुद्ध उभे राहिले तेव्हा वसईतल्या बिगरख्रिस्ती घरांनाही ते पाणी मिळायचे होते. २०२० च्या जानेवारीत याच मराठवाड्यात, उस्मानाबादला, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. तब्येत साथ देत नसतानाही ते आले. धर्मगुरूने राजकारणात पडू नये असे ज्यांना वाटते त्यांनी सांगावे: पाणी पळवले जात असताना गप्प बसणे हे राजकारण नाही का?

आता सोयरीक. इथे माझ्याकडे उदाहरणे थोडी आहेत, आणि तीच खरी काळजीची गोष्ट आहे. पंगतीत आपण पुष्कळ पुढे आलो. पैशात थोडे आलो. लग्नात मात्र जागच्या जागीच आहोत. लग्नाची जाहिरात तीन रविवार उपासनेत वाचली जाते, कोणाची हरकत असल्यास कळवावी म्हणून. खरी हरकत त्याआधी कितीतरी महिने घरात घेतली गेलेली असते. मुलगा शिकलेला आहे, नोकरी आहे, उपासनेला येतो. पण मूळचे कोण? हा ‘मूळचे कोण’ आपल्या घराघरांत विचारला जातो, पाळकांच्या घरातही. मग पंथाचे कुंपण असते: ते रोमन कॅथलिक, हे सीएनआय, ते मुक्तिफौजेचे, हे पेंटेकोस्टल. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली. सोयरिकी एक व्हायला अजून किती वर्षे लागणार? रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्ती होण्याच्या तीन वर्षे आधी जे त्यांना जमले, ते ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झालेल्या घरांना का जमत नाही? यावर आईबाप म्हणतात, रीतिभाती जुळल्या नाहीत तर मुलांचे हाल होतात. या म्हणण्यात प्रेम आहे, मी ते नाकारत नाही. पण एकच स्तोत्रसंग्रह, एकच प्रभूची प्रार्थना, एकच नाताळ असलेल्या दोन घरांत न जुळणारी रीत ती कोणती? तिचे नाव उघड घेतले की वाद संपतो.

शेवटी अशा एका प्रश्नाकडे येतो, जिथे पंगत, पैसा आणि सत्य एकमेकांत अडकले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. जातीचा जाच बाप्तिस्म्याने थांबत नाही हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले, पण आदेश ते मानत नाही. परिणाम असा की मराठवाड्यातल्या असंख्य घरांत शाळेच्या दाखल्यावर एक ओळ असते आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला; २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळून केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असे म्हटले. आता व्यासपीठावरून त्या घरांना ‘खोटे बोलू नका’ असा उपदेश करणे फार सोपे आहे. तो उपदेश करणारा बहुधा पगारदार असतो, आणि त्याच्या मुलाचे शिक्षण त्या ओळीवर अवलंबून नसते. कायदा अन्यायाचा आहे असे मी मानतो आणि तो बदलावा म्हणून ख्रिस्ती समाजाने बौद्ध बांधवांना सोबत घेऊन सनदशीर लढावे, असेही मानतो. पण कायदा बदलेपर्यंत काय? विश्वास उघड सांगायचा म्हणून एखाद्या मुलीने सवलत सोडावी, अशी मंडळीची अपेक्षा असेल, तर तिच्या फीचा भार मंडळीने उचलला पाहिजे. त्या अपेक्षेची किंमत तिने एकटीने भरावी आणि आपण तिच्या विश्वासाचे कौतुक करावे, हे मला ख्रिस्ती वाटत नाही. या शहरात किती मंडळ्या आहेत, त्यांची वर्गणी किती जमते, दशांश किती जमतो आणि त्यातला किती भाग इमारतीच्या रंगावर, साउंड सिस्टिमवर, पाहुण्या वक्त्यांवर जातो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आजच्या वक्त्याचे मानधनही त्यात धरा. नर्सिंग आणि डिप्लोमाच्या प्रवेशाची फी पावसाळ्यात भरावी लागते; मंडळ्यांचे हिशेब मार्चअखेर बंद होतात. एप्रिलमधल्या कमिटीच्या बैठकीत हा विषय सर्वांत वर घ्यावा, आणि जे ठरेल ते लग्नाच्या जाहिरातीप्रमाणेच उपासनेत उभे राहून वाचून दाखवावे, एवढी विनंती.